मदत हवी आहे: पुढची काच बदलल्यापासून लेन असिस्ट गाडी डावीकडे ओढतंय

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात बीडहून छत्रपती संभाजीनगरला येताना पाचोडच्या अलीकडे खडीने भरलेल्या हायवा डंपरमधून एक खडा उडाला आणि बरोबर आरशाच्या खाली काचेवर बसला. घरी पोचेपर्यंत तडा कडेपर्यंत गेला होता. काच बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गाडी २०२३ ची, दोन लिटरची डिझेल एसयूव्ही. अ‍ॅडासचा (गाडी लेनमध्ये ठेवणं, धडकेची सूचना देणं, गरज पडली तर ब्रेक लावणं हे करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा आरशामागे काचेला टेकून आहे, रडार खाली बंपरमध्ये. क्लेम सुरळीत झाला. काचेला घसारा लागत नाही, त्यामुळे क्लेममध्ये आपणच भरायचे सक्तीचे २००० रुपये आणि किरकोळ खर्च एवढंच खिशातून गेलं.

खरी अडचण नंतर सुरू झाली. समृद्धीवरून नागपूरला निघालो, बायको चालवत होती. जालन्याच्या पुढे ती म्हणाली, "अहो, स्टिअरिंग हाताला ओढ देतंय." मी हातात घेतली. लेन असिस्ट चालू असलं की गाडी मधोमध न राहता डाव्या पट्ट्याला घासून चालते. बंद केलं की नाकासमोर सरळ. दुसरं म्हणजे, उजव्या लेनमधून सावकाश चाललेला ट्रेलर पुढे दिसला की तो आपल्याच पुढ्यात असल्यासारखी धडकेची सूचना वाजते. दोनदा तर ब्रेकही हलकासा लागला. मागे पोरं झोपलेली होती. त्या क्षणी मागून कोणी चिकटून येत असतं तर, या विचाराने अजून अस्वस्थ होतं.

काच बदलण्याआधी अडीच वर्षं यातलं काहीही नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला गेलो. उत्तर मिळालं, "डॅशबोर्डवर लाईट नाही ना सर, मग सगळं ओके. चालवत राहा, आपोआप सेट होईल." जॉब कार्डवर काच, सीलंट आणि मजुरी आहे, कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख नव्याने जुळवून घेण्याचा, उल्लेख कुठेही नाही. घरी येऊन टॉर्च लावून बघितलं. कॅमेऱ्यावरच्या प्लास्टिकच्या झाकणाची एक क्लिप तुटलेली आहे, आणि काचेवर काळ्या पट्ट्यात कॅमेऱ्यापुरती जी मोकळी जागा सोडलेली असते, तिच्या खालच्या कडेला बोटाने पुसल्यासारखा पांढुरका डाग आहे. बाहेरून कापड फिरवून गेला नाही, म्हणजे आतून आहे.

कॅलिब्रेशन खरोखर चालता चालता आपोआप होतं का? झालं की नाही हे मी कशावरून ओळखायचं? आणि याचे पैसे विम्यातून मागता येतात का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

दादा, पहिलं काम, दुरुस्त होईपर्यंत लेन असिस्ट आणि ऑटो ब्रेक सेटिंगमधून बंद ठेवा. काही गाड्यांत ते दर वेळी गाडी सुरू केल्यावर परत चालू होतं, तेवढं बघत जा.

तुमची दोन्ही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतायत. कॅमेरा किंचित उजवीकडे वळून बसलाय आणि कंप्युटरला वाटतंय तो सरळ बघतोय. त्यामुळे उजव्या लेनमधला ट्रेलर त्याला समोर दिसतो आणि लेनचा मध्य डावीकडे सरकलेला वाटतो. एका अंशाचा फरक ५० मीटरवर ८७ सेंटिमीटर होतो, १०० मीटरवर पावणेदोन मीटर. लेनच मुळात साडेतीन-पावणेचार मीटरची. लाईट लागत नाही, कारण कॅमेरा बिघडलेला नाहीये. तो व्यवस्थित बघतोय, फक्त चुकीच्या रोखाने.

कॅलिब्रेशन दोन तऱ्हेचं असतं. एकात गाडी सपाट फरशीवर उभी करून, मध्यरेषा मोजून, पुढे ठरलेल्या अंतरावर आणि उंचीवर नक्षीचा बोर्ड लावतात. टायरची हवा बरोबर हवी, डिकी रिकामी हवी, समोर चकाकी नको. दुसऱ्यात स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरशी बोलणारं यंत्र) जोडून, त्यातून प्रक्रिया सुरू करून, स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठराविक वेगाने गाडी चालवतात. कोणत्या गाडीला कोणतं, की दोन्ही, हे कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये असतं. काही कॅमेरे चालता चालता बारीकसारीक सुधारणा स्वतः करतात, पण काच बदलल्यानंतरचं काम त्यावर सोडून भागत नाही. तुम्हाला "चालवत राहा" म्हणणाऱ्याने स्कॅनर जोडला होता का, एवढंच विचारा.

तो डाग आधी काढायला लावा. कॅमेरा उतरवल्याशिवाय हात पोचणार नाही. कॅमेरा ज्यात बसतो तो काचेवरचा ब्रॅकेट वाकडा चिकटला असेल तर कॅलिब्रेशन पूर्णच होणार नाही किंवा झालं तरी भरवशाचं नसेल. आणि त्याआधी व्हील अलाइनमेंट आणि स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य (स्टिअरिंग सरळ असताना तो शून्य दाखवतो का) तपासून घ्या, नाहीतर वाकड्या गाडीवर सरळ कॅमेरा बसेल.

प्रतिसाद:

विम्याबद्दल. कॅलिब्रेशन हा काच बदलण्याचाच भाग आहे, असं सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या आणि पुरवणी एस्टिमेट विमा कंपनीला मेल करा. फोनवर बोलण्यात वेळ घालवू नका. नाकारलं तर कारण लेखी मागा, मग कंपनीचा तक्रार कक्ष, विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, शेवटी विमा लोकपाल. बिल बंद झालं असेल तर थोडं जड जातं, तरी मागून बघाच.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. स्कॅनरचं विचारल्यावर पलीकडे दोन मिनिटं शांतता होती, मग शनिवारची वेळ मिळाली. मी शेजारी उभा राहिलो. कॅमेरा काढला तेव्हा काचेच्या आतल्या बाजूला प्रायमरचा (काच चिकटवण्याआधी लावतात त्या द्रवाचा) ओघळ होता, तोच तो डाग. ब्रॅकेट मात्र सरळ निघाला. पुढच्या दोन टायरमध्ये ३ पीएसआयचा फरक होता, डिकीत पाण्याचे दोन कॅन. ते काढल्यावर बोर्ड लावला. पहिल्या वेळी स्कॅनरने नापास केलं. शटरमधून येणारं ऊन बोर्डवर पडत होतं. शटर खाली ओढलं, दुसऱ्या वेळी पूर्ण झालं. रिपोर्टची प्रिंट गाडीच्या कागदांत ठेवली आहे.

येताना जालना रोडवर लेन असिस्ट चालू केलं, गाडी मधोमध राहिली. विम्याला मेल गेला आहे. उजव्या लेनमधला ट्रेलर अजून भेटायचा आहे. पुढच्या आठवड्यात समृद्धीवरून जाऊन आलो की इथेच लिहितो.