दोष कुत्र्याचा की उघड्यावर फेकलेल्या काळजाचा?

साक्री तालुक्यातील शिक्षक : बाजाराच्या दिवशी आमच्या गावात बकरे कापले जातात आणि खराब निघालेले काळीज, फुप्फुस नाल्याकाठी भिरकावले जाते. परवा अशा एका काळजावर लिंबाएवढी पांढुरकी, पाण्याने भरलेली गाठ मी जवळून पाहिली. पुढच्याच क्षणी कुत्र्यांनी ते फस्त केले. ही हायडॅटिड या पट्टकृमीमुळे होणाऱ्या रोगाची गाठ. तिच्यातील जंतूंपासून कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी तयार होतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे माती, पाणी आणि पालेभाजीवर पसरतात आणि मातीच्या हातांनी भाकरी खाणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ कित्येक वर्षे काहीही त्रास न देता वाढत राहते. म्हणून असे अवयव खोल पुरण्याची सक्ती ग्रामसभेने करावी आणि कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल ही कृमी मारणारी गोळी द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

शिरपूरचे शेतकरी : मला हे पटत नाही. मोकाट कुत्र्याला गोळी चारणार कोण? कुत्रीच गावाबाहेर नेऊन सोडावीत.

मेंढपाळ ठेलारी कुटुंबातील तरुण : कुत्र्याशिवाय आमच्या मेंढ्यांच्या वाड्याची एक रात्रही निभत नाही, कारण लांडगा मेंढरांच्या मागावरच असतो. शिवाय मेलेले मेंढरू आम्हीच कुत्र्यांपुढे टाकतो, हेही कबूल करतो. त्यातून रोग होतो, हे आजवर आम्हाला कुणी सांगितलेच नाही. गोळी वाड्यापर्यंत आली, तर आम्ही ती नक्की चारू.

साक्री तालुक्यातील शिक्षक : शेतकरीदादा, उकिरड्यावर मांस पडत राहिले, तर शेजारच्या गावची कुत्री येणारच, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदीनंतर मोकाट कुत्रे मूळ जागीच सोडावे लागते. न्यूझीलंड 2002 मध्ये या रोगातून मुक्त जाहीर झाला, तेव्हा तिथे मेंढ्याही होत्या आणि कुत्रीही. कच्चे अवयव कुत्र्याला घालणे मात्र त्यांनी बंद केले होते आणि औषध वर्षानुवर्षे चालू ठेवले होते. ठेलारी बंधूंना एक विनंती : गोळीने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवून विष्ठा पुरावी.

शिरपूरचे शेतकरी : खड्ड्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि येत्या ग्रामसभेत तो मी स्वतः मांडेन. मोकाट कुत्र्यांना गोळी कोण चारणार, याचे उत्तर मात्र अजून मिळालेले नाही.