१,६०,००० किलोमीटर धावलेली गाडी: आधी काय बदलावे?

प्रश्न: ही जुनी पेट्रोल गाडी मी नुकतीच घेतली असून तिच्या सर्व्हिसची कोणतीही नोंद मिळालेली नाही. डिपस्टिकवरचे (इंजिन ऑइल तपासायच्या पट्टीवरचे) ऑइल काळेकुट्ट आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: नोंद नसेल तर काम झालेलेच नाही असे धरून चाला. ऑइल व फिल्टर लगेच बदला. पण खरी काळजी टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची आहे, कारण तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल, तर तोही सोबतच बदलून घ्या.

उत्तर २: बेल्टऐवजी चेनही असू शकते, म्हणून आधी मॅन्युअल पाहा. ब्रेक ऑइल मात्र विसरू नका. ते ओलावा शोषते, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक तापले की ते लवकर उकळते आणि पेडल मऊ पडते.

प्रश्नकर्ता: मॅन्युअल पाहिले, बेल्टच आहे. तो बदलेपर्यंत गाडी बाहेर काढणार नाही.