धड्यातली माणसं कोण, याने फरक पडतोच

इंग्रजी शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांबद्दल काहीजण म्हणतात, व्याकरण पक्कं झालं की पुरे, धड्यातली माणसं कोण आहेत याने काय बिघडतं. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. इंग्रजीच्या या पुस्तकांत व्याकरण शिकवलंच जातं राहणीमानातून. 'हॅव यू एव्हर बीन टू' आलं की परदेशप्रवास, 'इफ आय वन' आलं की लॉटरी. मग वर्गात शेजारी बसलेल्याला स्वतःबद्दल सांगायचं. ज्याने कधी विमान पकडलेलं नाही, त्याच्या वाट्याला 'नो, आय हॅवन्ट' एवढंच येतं.

जगभर खपणाऱ्या अशा ब्रिटिश पुस्तकांवर अभ्यासक जॉन ग्रे यांनी बरंच लिहिलंय. त्यांतली माणसं बहुतेक यशस्वी, हिंडतीफिरती, सढळ हाताने खर्च करणारी. एकच पुस्तक अनेक देशांत विकायचं, म्हणून राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, विचारसरण्या आणि डुकराचं मांस टाळायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'पार्सनिप' म्हणतात. समलिंगी जोडपी तर जवळपास गायबच.

आणि स्थलांतरितांसाठीची पुस्तकं बघा. एल्सा ऑअरबाख आणि डेनिस बर्जेस या अभ्यासकांनी १९८५ साली अमेरिकेतल्या अशा पुस्तकांवर लिहिलं. तिथे परवानगी मागणं, खुलासा विचारणं शिकवतात. तक्रार करणं, नकार देणं, असहमत होणं मात्र नाही. मला हे फार खटकतं. साहेबाला 'आज ओव्हरटाइम जमणार नाही' असं सांगायची वेळ कामगारावर रोज येते. शिक्षकांनी धड्यातला संवाद तिथेच थांबवून हे वाक्य वर्गात मोठ्याने म्हणून घ्यावं.