'कम्युनियन'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात 'कम्युनियन' तीनदा आलंय. एकदा लोक वेदीपुढे येऊन कम्युनियन घेतात, एकदा श्रद्धेच्या कबुलीत 'संतांचं कम्युनियन' येतं आणि एकदा दोन चर्च परस्परांशी 'पूर्ण कम्युनियन'मध्ये आहेत असं म्हटलंय. 'प्रभुभोजन' (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) पहिल्याच ठिकाणी बसतं. 'प्रसाद' चालेल का?

उत्तर: पहिल्या ठिकाणी प्रभुभोजन चांगलंच आहे. पण ते विधीचं नाव झालं. त्या विधीत जे घडतं, ते कम्युनियन.

बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया'. 'कोइनोस' म्हणजे सामाईक. लूकच्या शुभवर्तमानात 5व्या अध्यायात मासे इतके लागतात की जाळी फाटू लागतात. तिथे याकोब आणि योहान हे कोळी शिमोनाचे 'कोइनोनोय' आहेत, म्हणजे धंद्यातले सरळसरळ भागीदार. रोमकरांस पत्राच्या 15व्या अध्यायात यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीलाही पौल (सुरुवातीच्या मंडळ्यांना ही पत्रं लिहिणारा प्रेषित) कोइनोनियाच म्हणतो. आणि हाच शब्द तो करिंथकरांस पहिल्या पत्रात (10:16) प्याल्यासाठी आणि भाकरीसाठी वापरतो: ख्रिस्ताच्या रक्तात आणि शरीरात सहभाग. लगेच पुढच्या ओळीत कारण येतं, की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. मला हा शब्द इथे सगळ्यात जास्त उलगडतो. ख्रिस्ताशी नातं आणि शेजारी बसलेल्याशी नातं, दोन्ही एकाच घासात.

पुढचा अध्याय तर वाचायलाच हवा. करिंथमध्ये लोक एकत्र जमत, पण जो तो आपलं अन्न आधीच उरकून घेई. कुणी उपाशी राही, कुणी पिऊन तर्र होई. पौल त्यांना स्पष्ट सांगतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर होती, प्याला होता, माणसंही होती. नव्हती ती सहभागिता.

म्हणूनच 'प्रसाद' मला अपुरा वाटतो. त्यात कृपा आहे, पण प्रसाद आपण एकेकटे घेऊ शकतो.

('कम्युनियन' ज्यावरून आलं त्या लॅटिन 'कोम्युनिओ'ची फोड पुष्कळजण 'एकत्र + ऐक्य' अशी करतात. अर्थाला शोभते, पण व्युत्पत्ती ती नाही. शब्द 'कोम्युनिस'वरून आला आणि त्यात 'मुनुस' आहे, म्हणजे कर्तव्य, देणं.)

आणखी एक प्रतिसाद: एकेकट्याने घेण्याबद्दल थोडी भर घालते. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन केलंय. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर-द्राक्षारसातला वाटा पोचवत. आजही आजाऱ्याच्या खाटेपाशी कम्युनियन नेलं जातं. म्हणजे एकटा माणूसही ते मंडळीतला म्हणूनच घेतो.

शिवाय पंथ कोणता ते पाहा. कॅथलिक श्रद्धेनुसार भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. स्वित्झर्लंडमधला प्रोटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्ली याच्या मते ते स्मरण. 1529 मध्ये जर्मनीतल्या मार्बुर्गला तो आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथर समोरासमोर बसले, पण याच मुद्द्यावर एकमत झालं नाही. ज्या शब्दाचा अर्थच 'सामाईक' आहे, त्यावरून वाटा फुटाव्यात याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती: मग तिन्ही ठिकाणी 'सहभागिता' घालू?

उत्तर: पहिल्या ठिकाणी 'प्रभुभोजन घेतात', लेख कॅथलिक असेल तर सरळ 'कम्युनियन घेतात'. दुसऱ्या ठिकाणी 'पवित्र जनांची सहभागिता'. तिथलं लॅटिन 'पवित्र गोष्टींतला सहभाग' असंही वाचता येतं, पण मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी 'पूर्ण सहभागिता' ठेवा आणि वाक्यातच उलगडा: एका चर्चचे लोक दुसऱ्याच्या वेदीपाशी प्रभुभोजन घेऊ शकतात.