एचबीएवनसी नव्हे, सी-पेप्टाइड बघा

'एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) उतरलं म्हणजे नवं औषध लागू पडलं' असं काही जण म्हणतात. टाइप १ मधुमेहावरच्या औषधांच्या चाचण्यांत हा निकष फसवा. निदानानंतर काही महिने इन्सुलिन बनवणाऱ्या उरलेल्या बीटा पेशी जरा सावरतात आणि इन्सुलिनचा डोस नीट बसला की प्लासिबो (औषधाविना नुसती नकली मात्रा घेणाऱ्या) गटाचाही आकडा खाली येतो.

म्हणून सी-पेप्टाइड मोजतात. शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना ते तयार होतं, टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. मोजायची पद्धत अशी: रात्रभर उपाशी राहून सकाळी वजनाच्या दर किलोला ६ मिली ठरावीक पेय (कमाल ३६० मिली) पाच मिनिटांत संपवायचं, मग किमान दोन तास ठरलेल्या वेळांना रक्त द्यायचं. सुरुवातीची साखर साधारण ७० ते २०० मिग्रॅ/डेसीलिटर हवी, आधीचे दोन तास जलद इन्सुलिन नको. गडबड इथेच होते: सकाळी साखर जास्त दिसली की घरचे सवयीने करेक्शन (साखर उतरवायला जादा जलद इन्सुलिन) देतात आणि तो दिवस फुकट.

टेप्लिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाच्या प्रोटेक्ट चाचणीत (वय ८ ते १७) ७८ आठवड्यांनी सी-पेप्टाइड औषधाच्या गटात जास्त टिकलं, एचबीएवनसीत मात्र ठळक फरक नव्हता. त्या चाचणीत सामील व्हायला निदानापासून ६ आठवड्यांच्या आत यावं लागे. ऑस्ट्रेलियात बॅरिसिटिनिब या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत ही मुदत १०० दिवस होती. त्यामुळे 'आधी साखर स्थिर होऊ दे' म्हणत थांबू नका, निदानाच्याच आठवड्यात डॉक्टरांना अशा चाचणीबद्दल विचारा.