येळ्ळूरसाठी कोल्हापूरने अजून भांडायचं का?

रंकाळाकाठ (कोल्हापूर):
बेळगावजवळ राजहंसगडाच्या पायथ्याला येळ्ळूर आहे. वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक कैक वर्षं उभा होता. जुलै २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून तो पाडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी घरात घुसून माणसं झोडपली. बायकासुद्धा सोडल्या नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपला चंदगड तालुकाही बेळगाव जिल्ह्यातच होता. चंदगड इकडे महाराष्ट्रात आला, येळ्ळूर तिकडे आताच्या कर्नाटकात गेलं. माणसं तीच, सोयरीक तीच. २००४ पासून सीमाभागासाठी महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, म्हणून आपण गप्प बसायचं का? सीमाभागातले मराठी लोक १ नोव्हेंबरला पाळतात त्या काळ्या दिनापुरता पाठिंबा पुरत नाही. कोल्हापूरने हा प्रश्न वर्षभर लावून धरावा.

गडहिंग्लजकर:
लोकांबद्दल तळमळ मलाही आहे, पण हा मार्ग पटत नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ ला केंद्राने सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला, तो आपल्याच मागणीवरून. १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती. बेळगाव मिळत नाही म्हणून आपण तो नाकारला. त्या गावांच्या किती पिढ्या गेल्या त्यात! घोषणा आपण इथं द्यायच्या आणि लाठ्या तिकडच्यांनी खायच्या, हे मला मान्य नाही. तिथल्या पोरांना तिथंच नोकरी शोधायचीय.

माहेर येळ्ळूर:
दादा, लाठ्या खाणाऱ्यांना कोल्हापूरने भडकवलं नव्हतं. आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, ते गावकरीच वर्गणी काढून भरवतात. चांगळेश्वरीच्या यात्रेत कुस्तीचं मैदान होतं, त्याचं नावच महाराष्ट्र मैदान. हे कुणी बाहेरून शिकवलेलं नाही.

नोकरीचं म्हणाल तर आमची पोरं कन्नड शिकतात, चांगलं बोलतात. पण माझ्या वडिलांना स्वतःच्या शेताचा कन्नडमधला उतारा वाचता येत नाही. शेत पिढीजात, सही त्यांची, आणि त्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारायचं. म्हातारपणी हे फार लागतं त्यांना.

गडहिंग्लजकर:
ताई, उताऱ्याचं अगदी बरोबर. तो मराठीत मिळालाच पाहिजे. पण भाषिक अल्पसंख्याक म्हणून हा हक्क आजही मागता येतो, राज्याची हद्द हलायची वाट कशाला बघायची? कोल्हापूरने त्यासाठी वकील द्यावेत, पैसा द्यावा. मी स्वतः वर्गणी देईन.

रंकाळाकाठ:
वकील देऊच. पण उतारा घ्या आणि दावा सोडा, असं होणार असेल तर नको. आंध्र-मद्रास हद्द पाटसकर सूत्राने ठरली, त्यात गाव हा घटक धरला होता. तोच न्याय येळ्ळूरला लावा, एवढीच मागणी आहे.

माहेर येळ्ळूर:
दोन्ही पाहिजे. उतारा आधी, कारण वडील आता थकलेत.