पावसात प्रायमर पिठूळ पडला, मराठा लाइट इन्फंट्रीची प्लाटून करतोय, मदत हवी

खाडीकाठ (गुहागर)
नमस्कार मंडळी. रंगवायच्या छोट्या प्लास्टिक सैनिकांचे, २८ मिमीच्या फिगर्सचे, ब्रिटिश आठव्या आर्मीचे दोन बॉक्स आणलेत आणि त्यातून ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीची (पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन) एक प्लाटून, म्हणजे तीन सेक्शनची तुकडी, उभी करायचीय, इटली, जुलै १९४४. नाईक यशवंत घाडगे ज्या लढाईत पडले तीच. माझं आजोळ माणगावकडचं, लहानपणी मामा तिथल्या स्मारकापाशी न्यायचा, तेव्हापासून हे डोक्यात आहे.
परवा पडवीत बसून १० फिगर्सना स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला, बाहेर धो धो चाललेला, आणि सकाळी बघतो तर सगळ्यांवर तांदळाचं पीठ उडाल्यासारखा थर, बोट फिरवलं की खरखरीत, खिशांची बटणं बुजलीत, शर्टाच्या चुण्या दिसेनात. वाचवता येतील का? आणि खाकी नेमका कुठला घेऊ? चेहऱ्याचा म्हणून जो रंग बाटलीत मिळतो तो गोऱ्यांचा, तो आपल्या माणसांना कसा चालेल.

मालवणी ब्रश
रे बाबा, पावसात स्प्रे मारूचो नाय! हवेत दमट एवढा असतं की रंगातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग बसायच्या आत पांढरा पडतो. डबा चांगला असला तरी जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे होणारच. मी चार महिने ब्रशनेच प्रायमर लावतो, दोन पातळ हात, मध्ये रात्रभर सुकू द्यायचं.
त्या १० फिगर्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेव, तासाभराने जुन्या मऊ टूथब्रशने हळूहळू घास, निघेल. खिडकी उघडी ठेव आणि जवळ गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. थिनर किंवा अॅसिटोन चुकूनही नको, प्लास्टिकच विरघळतं.

जांभाचिरा
खाडीकाठ, विषय फार जवळचा घेतलास म्हणून सविस्तर लिहितो. घाडगे त्या दिवशी सेक्शन कमांडर, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीचे प्रमुख होते, १० जुलै १९४४, अप्पर टायबरचं खोरं. मशीनगनच्या फायरमध्ये त्यांच्या सेक्शनमधली बाकी सगळी पडली, ते एकटे पुढे धावले, आधी ग्रेनेड, मग टॉमी गन (हातातली छोटी स्वयंचलित बंदूक), आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर तीच गन नळीकडून धरून शेवटच्या दोघांना झोडपलं. नंतर शत्रूच्या स्नायपरांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. तेव्हा नाईकाच्या हातात रायफल देऊ नकोस, टॉमी गनच दे.
रचना साधी आहे, १० जणांचे तीन सेक्शन, प्रत्येकात एक ब्रेन गन (हलकी मशीनगन), नाईक पुढे, बाकी ली-एनफिल्ड रायफलवाले. वर प्लाटून हेडक्वार्टरचे सात, त्यात हवालदार आणि दोन इंची मॉर्टरवाले (छोटी उखळी तोफ). ३७ एकदम घेऊ नकोस, सत्ताविसाव्या पट्ट्यापर्यंत हात आणि मन दोन्ही थकतं. एक सेक्शन पूर्ण कर, बेससकट (पायाखालच्या चकतीसकट), मग दुसरा.
उन्हाळा आहे तर खाकी ड्रिल, म्हणजे धुऊन धुऊन फिकट झालेला वाळूसारखा खाकी, लोकरीचा तपकिरी बॅटलड्रेस नाही. वेबिंग (अंगावरचे पट्टे-पिशव्या) जरा हिरवटसर, बूट काळे. भारतीय पायदळ म्हटलं की लोक लगेच पगडीची डोकी शोधतात, पण आपले मराठे लढाईत लोखंडी टोपातच, त्यामुळे बॉक्समधलीच डोकी चालतील. चेहऱ्याला मध्यम तपकिरीत चिमूटभर लाल आणि थोडा पिवळा, आणि प्रत्येकाला जरा वेगळा मेळ कर. होडीवर जाणारा आणि दुकानात बसणारा एकाच रंगाचे असतात का? गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजळ टिंब दे, काही जणांना बारीक मिशी. चेहरा नीट झाला की बाकी फिगर आपोआप उभी राहते.

खाडीकाठ (गुहागर)
जांभाचिरा दादा, टॉमी गनचं वाचून अंगावर काटा आला. काल तीन फिगर्स साफ केल्या, बटणं परत दिसायला लागली! बेसला आमच्या किनाऱ्याची वाळू चालेल ना?

मालवणी ब्रश
चालेल, पण गोड्या पाण्यात तीन-चारदा धू आणि तव्यावर कोरडी कर, नाहीतर मीठ रंगातून वर फुटतं. एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाचे) बेस असतील तर खालूनही रंग लाव, ओल धरून फुगतात. गवताला काथ्या बारीक कातरून घे, वाळल्या गवताचा रंग त्याला आधीच असतो.

जांभाचिरा
आणि आपली लाल माती वापरायचा मोह आवर. ते जुलैमधलं इटलीतलं डोंगराळ खोरं आहे, धुळकट आणि पिवळं पडलेलं. घाडग्यांची फिगर झाली की फोटो टाक, आधी तीच बघायचीय.